परवडणारी रायफल, न परवडणारी जखम

शिकारकथा वाचणाऱ्या मराठी वाचकाला जिम कॉर्बेट आणि केनेथ अँडरसन यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. चंपावतची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या, दक्षिणेतल्या रानांमधले नरभक्षक हे सगळे अनुवादांमधून आपल्याकडे कधीच येऊन पोचले आहेत. या कथांमधले रान आपल्याला दिसते, मचाणावरची रात्र जाणवते, हाक्याचा गलका ऐकू येतो. शिकाऱ्याच्या हातातली वस्तू मात्र आकड्यापलीकडे सरकत नाही. .२७५, .४०५, .४५०/४०० असे काहीतरी लिहिलेले असते, आपण ते ओलांडतो आणि पुढचा परिच्छेद गाठतो. त्या आकड्यांचा अर्थ काय? त्यांतला स्वस्त कोणता, महाग कोणता? आणि एखाद्या पगारदार माणसाला आपल्या कमाईत बसणारी रायफल घेऊन वाघासमोर किंवा गव्यासमोर उभे राहायचे असते, तर त्याने कोणती निवडायला हवी होती? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

आधी कायद्याचे बोलतो. भारतात वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, हत्ती यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपले मेळघाट त्याच्या पहिल्या तुकडीत होते. त्यामुळे इथे जी निवड चर्चेला घेतली आहे ती एक तर इतिहासातली आहे, किंवा आफ्रिकेतल्या काही देशांत आजही परवान्याने चालणाऱ्या शिकारीतली आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला शस्त्रपरवाना ठाणे पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. तो परवाना स्वसंरक्षणाचा असो, नेमबाजीचा असो की आणखी कशाचा, त्याने रानातल्या जनावरावर बंदूक रोखण्याचा हक्क मिळत नाही. हे ज्याला मान्य नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक नाही.

मग कोणासाठी आहे? शिकारकथा समजून वाचू पाहणाऱ्या वाचकासाठी आहे. आजोबांची जुनी रायफल कपाटात आहे, तिच्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, अशा घरांसाठी आहे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. आफ्रिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथल्या कायद्याने शिकार करणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. आणि माणूस व जनावर आमनेसामने येतात तेव्हा ज्यांना बंदूक हातात घ्यावी लागते, त्या वनखात्यातल्या माणसांसाठी तर आहेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठ्या जनावराची रायफल महाग का झाली, हे कळल्याशिवाय परवडणारी रायफल म्हणजे काय ते कळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीत काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली. लंडनच्या जॉन रिग्बीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणले, आणि हत्ती-गव्यांच्या शिकारीचे गणित बदलले. ही काडतुसे प्रामुख्याने दोन नळ्यांच्या रायफलींतून उडत. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी लागाव्यात, म्हणून कारागीर त्या नळ्या जोडायचा, बार काढून पाहायचा, पुन्हा सोडवून किंचित सरकवायचा आणि पुन्हा बार काढायचा. हे सगळे हाताचे काम होते, आणि किंमत होती ती त्या हाताची. दुसरा बार तत्काळ हाताशी असतो, एका नळीचा चाप बिघडला तरी दुसरी चालते, म्हणून दाट झाडीत या रायफलीला तोड नव्हती. ती परवडायची संस्थानिकांना, बड्या अंमलदारांना आणि श्रीमंत पाहुण्यांना.

सामान्य हिंदी माणसासाठी किमतीच्याही आधी परवान्याची भिंत होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना तीतून सूट दिली. त्यामुळे गावाकडे बंदूक म्हणजे बहुधा ठासणीची बंदूक. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छर्रे ठासायचे, आणि एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. रात्री भातात किंवा नाचणीत घुसणाऱ्या डुकरासाठी ती बंदूक ठीक होती. वाघासमोर ती घेऊन उभा राहणारा माणूस जिवावर उदार झालेलाच असायचा.

कायद्याने बंदुकीच्या बाजारालाही वळण लावले. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीची आतली रुंदी, इथे इंचात) रायफलींवर बंदी घातली. लष्करातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच बोअरच्या होत्या, आणि त्यांच्यासाठीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल अशी सरकारला धास्ती होती. लगेच इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे काढली. शिकारकथांमध्ये हे जवळजवळचे आकडे का भेटतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर या बंदीत आहे.

परवडणाऱ्या रायफलीची खरी कहाणी जर्मनीत सुरू होते. पॉल माउझरची १८९८ ची बोल्ट रायफल कारखान्यात, यंत्रावर घडत होती. एक नळी, खाली चार-पाच काडतुसांचे मॅगझिन, आणि चिखलात, धुळीत, पावसात न अडणारा बोल्ट. लंडनच्या नामांकित पेढ्यांनीही आपल्या मॅगझिन रायफली याच बोल्टवर बांधल्या. दोन नळ्यांच्या रायफलीच्या मानाने हिची किंमत फारच कमी होती. बर्लिनच्या ऑटो बॉक याने १९०५ मध्ये याच साध्या माउझरमध्ये बसेल असे ९.३×६२ हे काडतूस आणले. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधला शेतकरी त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्या शेतकऱ्याला एकाच रायफलीने हरणही मारायचे होते आणि शेतात शिरणारा रानरेडाही थोपवायचा होता. खास मोठा बोल्ट नको, खास कारागिरी नको, तरी गोळी १८.५ ग्रॅमची. बेताच्या पैशात मोठ्या जनावराची रायफल, हा विचार इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी केला असेल.

त्याच सुमारास जेफ्रीचे .४०४ आले, आणि १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडचे .३७५ मॅग्नम आले. या .३७५ ला पुढे अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल ७० मध्ये बसवले आणि ते सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या रायफलींनी हेच काम आणखी स्वस्तात केले. आफ्रिकेत गिऱ्हाइकांसोबत रानात जाणारे कित्येक व्यावसायिक शिकारी आयुष्यभर अशाच साध्या बोल्ट रायफलीवर विसंबून राहिले.

स्वस्तात घेतलेली प्रत्येक रायफल मात्र पुरी पडत नव्हती. हिंदुस्थानात १०.७५×६८ ही माउझर खूप खपली. बोअर मोठा, गोळी २२.५ ग्रॅमची, किंमत हलकी. जाहिरातीत आकडा भारदस्त दिसे. पण या रायफलीची गोळी जाडीच्या मानाने आखूड होती, आणि जाड कातडीच्या जनावरात ती खोल जात नाही अशी तक्रार वारंवार झाली. ही तक्रार समजून घेण्यासाठी गव्याकडे नीट पाहिले पाहिजे.

कोल्हापूर संस्थानच्या राखीव रानातून पुढे १९५८ मध्ये दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य झाले. तेच आजचे राधानगरी. तिथला पूर्ण वाढलेला नर खांद्याशी माणसाच्या उंचीला भिडतो आणि वजनात हजार किलोच्या आसपास जातो. खांद्यावरचा उंचवटा चरबीचा नसतो. पाठीच्या मणक्यांचे उंच काटे आणि त्यांच्यावर बसलेला घट्ट स्नायू मिळून तो बनलेला असतो. त्यामुळे नवखा माणूस नेम धरतो तो खूप वर. काळीज आणि फुप्फुसे खाली, पुढच्या पायाच्या मागे छातीत असतात. तिथे पोचायला गोळीला आधी जाड कातडे, मग स्नायूचा थर आणि बहुतेक वेळा खांद्याचे हाड भेदावे लागते. वाटेत फुटलेली किंवा चपटी झालेली गोळी काळजापर्यंत जात नाही. गवा मात्र जखम घेऊन रानात जातो.

गोणपाटावर अंगठा कितीही दाबला तरी गोणपाट खचते, फाटत नाही. तेवढाच जोर दाभणावर दिला की दाभण आरपार जाते. गोळीचे वजन आणि तिच्या जाडीचा वर्ग यांचे गुणोत्तर काढले, की ती दाभणाच्या जवळची आहे की अंगठ्याच्या, ते कळते. वजन पौंडात आणि जाडी इंचात धरली, तर .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीचे हे गुणोत्तर ०.३०५ येते. ९.३ च्या २८६ ग्रेन गोळीचेही तेवढेच. .४०४ चे ०.३१९. त्या खपाऊ १०.७५ चे ०.२७६. बोअर मोठा असूनही ती मागे का पडली, हे या एका आकड्यात दिसते.

दुसरा आकडा ऊर्जेचा. नळीच्या तोंडाशी .३७५ ची ऊर्जा सुमारे ५,७०० ज्यूल, .४०४ ची सुमारे ५,४००, ९.३×६२ ची सुमारे ४,८००, आणि .३०-०६ ची सुमारे ३,९०० ज्यूल असते. नामिबियात हत्ती, रानरेडा अशा मोठ्या जनावरांसाठी कायद्याने ५,४०० ज्यूलची किमान अट घातली आहे. आफ्रिकेतल्या आणखी काही देशांत .३७५ हा किमान बोअर मानला जातो. ही मर्यादा अनुभवातून आली. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने .२७५ सारख्या लहान बोअरने शेकडो हत्ती मारले, हे खरे. त्याने हत्तीच्या कवटीची रचना बारकाईने अभ्यासली होती, टोकापर्यंत धातूचे कवच असलेली, न फुटणारी गोळी तो वापरत असे, आणि त्याचा हात असामान्य होता. त्याचे उदाहरण देऊन लहान रायफल घेणारे पुष्कळ निघाले. त्याचा हात त्यांच्याकडे नव्हता.

गोळीची जातही बोअरइतकीच महत्त्वाची. वाघ-बिबट्याचे कातडे पातळ, हाडे हलकी, वजन गव्याच्या चौथाईहून कमी. त्याला मऊ टोकाची, आत जाऊन उमलणारी गोळी लागते. गव्याला लागते ती न उमलणारी सॉलिड गोळी. एकाच रायफलीत दोन्ही जातींची काडतुसे घालता येतात, आणि त्या दिवशी कोणती घालायची हे शिकाऱ्याला कळले पाहिजे. वाघ एका जागी पाडणारी मऊ गोळी गव्याच्या खांद्यावर वाया जाते.

म्हणूनच अँडरसनच्या रायफलीचा आकडा मला मोलाचा वाटतो. बेंगळुरूच्या विमान कारखान्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने लंडनच्या दोन नळ्यांच्या रायफलीची हौस धरली नाही. त्याची .४०५ विंचेस्टर ही अमेरिकन कारखान्यात घडलेली, खालचा दांडा ओढून काडतूस भरायची १८९५ च्या नमुन्याची रायफल. थिओडोर रुझवेल्टने १९०९ च्या आफ्रिकेच्या शिकारीत हीच जात नेली होती. हिची गोळी जाड आणि आखूड, जड जनावरात फार खोल न जाणारी. अँडरसनच्या वाट्याला आले ते मुख्यतः वाघ आणि बिबटे, आणि त्यांच्यासाठी ही रायफल अगदी योग्य होती. आपले जनावर कोणते हे ओळखून घेतलेली, आपल्या पगारातली, वर्षानुवर्षे हातात घोळवलेली. परवडणाऱ्या रायफलीची याहून चांगली व्याख्या मला सुचत नाही.

आपल्या देशात मध्यमवर्गाच्या वाट्याला पुढे जी रायफल आली ती .३१५. तिचा जन्मही कायद्याच्या अडचणीतून झाला. लष्कराची .३०३ खाजगी माणसाला निषिद्ध होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या लष्करातले ८×५० हे जुने काडतूस शिकारीच्या रायफलीसाठी घेतले गेले. आधी इंग्लंडच्या बीएसए कंपनीने आणि मग कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ही रायफल बनवली. बोल्ट ली-एनफिल्डचा, म्हणजे आपल्या सैन्याने दोन महायुद्धांत वापरलेला. या .३१५ चे काडतूस मात्र आपल्या अंगणातले आहे. त्याच्या बुडावर 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती खडकीच्या, म्हणजे पुण्याच्या दारूगोळा कारखान्याची. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसेही तिथलीच. आपल्या लोकलमार्गावर कल्याणच्या पुढे अंबरनाथलाही आयुधनिर्माणी आहे, आणि तिथे कामाला गेलेल्या माणसांची घरे कल्याण-डोंबिवलीत आहेत. शिकारकथा लांबच्या रानातल्या असल्या तरी बंदुकीची कारागिरी आपल्या शेजारची आहे.

ही .३१५ सुमारे ३,००० ज्यूलची. चितळाला, डुकराला भरपूर. बिबट्याला, शांतपणे उभ्या असलेल्या वाघालाही पुरेशी. अंगावर येणाऱ्या वाघाला किंवा गव्याला अपुरी. तरी ती या सगळ्यांवर वापरली गेली, कारण ती मिळत होती आणि परवडत होती. ज्यांना तीही परवडत नसे त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी असे. एका नळीत एलजी, म्हणजे मोजके मोठे छर्रे, आणि दुसरीत अखंड शिशाची गोळी. वीस-पंचवीस पावलांवर तिचा मारा जबर, पन्नास पावलांवर तिचा भरवसा नाही. नळीच्या शेवटच्या काही इंचांतच आटे पाडलेली 'पॅराडॉक्स' बंदूक कर्नल फॉस्बेरीच्या कल्पनेतून १८८५ च्या सुमारास आली, तीही याच अडचणीवरचा तोडगा होती. एकाच बंदुकीत पाखरांचे छर्रे आणि जनावराची गोळी.

इथवर सांगितलेल्या सगळ्या किमती दुकानातल्या. या विषयातली सर्वांत मोठी किंमत दुकानात लिहिलेली नसते, आणि तिच्यासाठी मी हे पुस्तक लिहिले.

चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली असे कॉर्बेटने नोंदवले आहे. १९०७ मध्ये ती पडली तेव्हा त्याने तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत गेलेला. बंदुकीच्या जुन्या गोळीची ती जखम होती. त्या जखमेमुळे तिला नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली, असे त्याचे मत होते. ती गोळी कोणाची होती, कोणत्या बंदुकीतली होती, हे कोणालाच कळले नाही. बार चुकवणारा घरी गेला. त्या चुकीचे मोल गवत कापायला आणि सरपण आणायला रानात गेलेल्या बायकांनी मोजले. त्याच शिकारीत कॉर्बेटची स्वतःची काडतुसे संपली आणि शेवटचा बार त्याला तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीने काढावा लागला, हेही त्याने लपवले नाही.

म्हणून रायफल परवडते का, हा हिशेब रायफलीपाशी संपत नाही. सरावाची काडतुसे परवडतात का? मोठ्या बोअरचा धक्का खांद्याला सोसतो का, की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात? धक्क्याची भीती बसलेल्या माणसाच्या हातातली .४७० ही, सराव असलेल्या माणसाच्या हातातल्या .३७५ पेक्षा जनावरासाठी जास्त क्रूर आणि माणसासाठी जास्त धोक्याची. दस्ता खांद्यात बसतो का, अंधूक उजेडात माशी दिसते का, घाईत बोल्ट पूर्ण मागे ओढला जातो का? दोन नळ्यांच्या रायफलीत पैसे घालून काडतुसांवर काटकसर करणारा माणूस चुकीच्या जागी पैसे वाचवतो.

काडतुसाच्या बाबतीतली काटकसर कशी महाग पडते, याचे उदाहरण विंचेस्टरनेच दिले. इंग्रजी दोन नळ्यांच्या रायफली दुर्मिळ झाल्यावर त्यांची ताकद साध्या बोल्ट रायफलीत द्यावी म्हणून कंपनीने १९५६ मध्ये .४५८ हे काडतूस आणले. कल्पना उत्तम होती. पण आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागे, सुरुवातीच्या वर्षांत तिच्या कधीकधी गुठळ्या होऊन ती नीट पेटत नसे आणि गोळी ठरल्या वेगाने जात नसे. रानरेड्यासमोर हे कळणे फार उशिराचे कळणे होते. पुढे काडतूस सुधारले. धडा राहिला तो असा, की कागदावरचा आकडा स्वतः तपासल्याशिवाय जनावरासमोर जाऊ नये.

आता आजच्याकडे वळतो. बंदी आली म्हणून बंदुकीचा प्रश्न मिटला नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये अपवाद आहे. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री झाली, तरच राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागातली वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये अशाच आदेशानंतर मारली गेली, आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये माणसे मारणारा बिबट्या गोळी घालून मारावा लागला. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत राज्य सरकारने २०१५ मध्ये वेगळी परवानगीपद्धत ठरवली. या प्रत्येक प्रसंगी कोणाच्या तरी हातात बंदूक असते, आणि ती पुरेशी आहे का, चालवणारा तयार आहे का, हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचेच असतात.

आपल्या शहरांत तर आता निवड वेगळ्याच बंदुकीची आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात कोरम मॉलच्या आवारात बिबट्या दिसला आणि पुढे एका हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाडा भागात एका इमारतीत बिबट्या शिरला. त्याने काही जणांना जखमी केले आणि दिवसभराच्या धडपडीनंतर तो पकडला गेला. या कामात लागते ती भूल देणारी बंदूक, म्हणजे डार्ट गन. तिची तत्त्वे शिकारी रायफलीच्या नेमकी उलट. रायफलीला जोर हवा असतो, डार्टला लागतो तेवढाच दाब, कारण जास्त दाबाने सुई मांसात न थांबता हाड मोडते. मारा थोड्याच मीटरांचा. औषधाची मात्रा जनावराचे वजन दुरून अजमावून ठरवायची. आणि डार्ट लागल्यावर जनावर लगेच पडत नाही. औषध चढायला काही मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांत घाबरलेले जनावर कुठेही धावू शकते.

त्या मिनिटांत गर्दी काय करते, हे डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये दिसले. वाट चुकून आलेला गवा लोकांच्या पाठलागाने घाबरला, तासन्‌तास पळाला, भिंतींना धडकून जखमी झाला आणि पकडल्यानंतर मेला. काही दिवसांनी बावधनजवळ दुसरा गवा दिसला. तेव्हा त्याला रानाकडची वाट मोकळी ठेवली आणि तो परत गेला. पहिल्या वेळी माणसे होती, दोर होते, डार्ट होते. दुसऱ्या वेळी अंतर राखले. फरक तिथे पडला.

या पुस्तकाचा पहिला भाग काडतुसांचा आहे. दुसऱ्यात जनावरांची शरीररचना आहे, कारण नेम जनावरावर नसतो, त्याच्या आतल्या एका जागेवर असतो. तिसऱ्यात रायफली, त्यांच्या त्या काळच्या किमती आणि त्यांचे गुणदोष आहेत. चौथा भाग परवान्याचा आणि कायद्याचा असून त्यात १९५९ चा शस्त्र कायदा आणि एका माणसाला दोनच शस्त्रांची मर्यादा घालणारी २०१९ ची दुरुस्तीही आहे. शेवटचा भाग भूल देण्याच्या बंदुकीचा आहे, आणि तो सर्वांत काळजीपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर इथेच देऊन टाकतो. मोठ्या, धोकादायक जनावरासाठी बेताच्या कमाईतली सर्वांत शहाणी निवड म्हणजे साधी, कारखान्यात बनलेली बोल्ट रायफल. जिथे कायदा .३७५ मागतो तिथे .३७५, जिथे मागत नाही तिथे ९.३×६२. जनावराप्रमाणे निवडलेली गोळी, आणि उरलेले सगळे पैसे सरावाच्या काडतुसांवर. ज्याला सराव परवडत नाही, त्याला रायफलही परवडत नाही.

आणि आपल्या गावात ज्याला बिबट्या दिसेल, त्याला एवढेच सांगणे आहे. पाठलाग करू नका, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका, मुलांना आत घ्या, दार लावा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

डोंबिवली (पूर्व)